जोड धरेपर्यंत

सोमवारच्या मीटिंगमध्ये मोठ्या मॅडमची रेघ लाल रेघेला जाऊन टेकली, आणि खोलीत असं चिडीचूप झालं की ज्याच्या हातात चहाचा कप होता त्याने तो तसाच धरून ठेवला.

ही रेघ म्हणजे काय भानगड, ते आधी सांगायला हवं. त्या हॉस्पिटलात पोटाच्या कॅन्सरची ऑपरेशनं व्हायची. अन्ननलिका, जठर, आतडी, सगळी. रोगट तुकडा कापून काढायचा आणि उरलेली दोन टोकं एकमेकांना जोडायची. कापणं कुणालाही जमेल हो, खरी परीक्षा जोडण्यात. जोड धरला तर माणूस थोड्या दिवसांत आपल्या पायांनी घरी जातो. जोड गळला तर आतली घाण पोटात पसरते, ताप भरतो, पुन्हा पोट उघडावं लागतं, आणि कधीकधी जिवावर बेततं. सर्जन कितीही मोठा असो, त्याचे थोडे जोड गळतातच. प्रश्न असतो तो किती गळतात याचा. म्हणून तिथे प्रत्येक सर्जनची एक रेघ होती, दर सोमवारी सगळ्यांसमोर पडद्यावर यायची. जोड धरला की रेघ मुंगीच्या पावलाने खाली, गळला की टुणकन वर. आणि वरच्या अंगाला एक लाल रेघ. आपली रेघ तिला लागली की सुरी खाली ठेवायची, कारण सापडेपर्यंत. मग तुम्ही कुणीही असा.

आणि हा नियम केला कुणी? मोठ्या मॅडमनीच! तेव्हा काय गहजब झाला होता! "आम्ही काय शाळेतली पोरं आहोत का?" असं एकाने विचारलं. दुसऱ्याने राजीनाम्याची धमकी दिली, राजीनामा मात्र दिला नाही. मॅडम सगळ्यांना पुरून उरल्या. "माझी रेघ वर गेली तर मीही थांबेन," असं त्या तेव्हा बोलून गेल्या. तशी वेळ येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं, त्यांना तर मुळीच नाही. अहो, मॅडमचा हात म्हणजे काय! पाठीमागे सगळे त्यांना शिंपीणबाई म्हणायचे, आणि त्यात कौतुकच असायचं.

आता थोड्याच महिन्यांत त्यांचे तीन जोड गळले होते. तिघेही पेशंट वाचले, पण कसे, ते त्यांचं त्यांना ठाऊक. तिसरा एक म्हातारा पोस्टमन होता. तो पोटाला शौचाची पिशवी लावून अजून वॉर्डात पडून होता, आणि मॅडम राउंडला गेल्या की उलट त्यांनाच धीर द्यायचा. ते मॅडमना सहन व्हायचं नाही.

रेघा सांभाळायचं काम आकडेताईंचं. या डॉक्टर नव्हेत, संख्याशास्त्र शिकलेल्या. तोंडाने फटकळ, पण डीन असो की शिपाई, सगळ्यांशी सारख्याच फटकळ. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "मॅडम, रेघ लागली."

"दिसतंय मला. आंधळी नाही झाले अजून."

डीनसाहेब खुर्चीत चुळबुळले. मोठ्या मॅडम म्हणजे हॉस्पिटलचं नाक, लांबलांबहून लोक त्यांचं नाव ऐकून यायचे. "अहो, मी काय म्हणतो," ते हळूच म्हणाले, "ती पोस्टमनची केस मुळात अवघड होती. तेवढी बाजूला काढली तर? तीन म्हणजे काय, योगायोगही असू शकतो की नाही, ताई?"

"असू शकतो," आकडेताई म्हणाल्या. "नसूही शकतो. म्हणूनच थांबून बघायचं असतं."

"साहेब," मॅडम म्हणाल्या, "आज माझी केस बाजूला काढलीत तर उद्या प्रत्येकाची निघेल. मग पडद्यावर रेघा कशाला दाखवता, सिनेमा लावा." मग त्या शेजारी बसलेल्या धाकट्या डॉक्टरांकडे वळल्या. या माणसाचे कल्ले पांढरे झाले होते, स्वतःचं नाव झालं होतं, पण मॅडमच्या हाताखाली शिकला म्हणून जन्मभर धाकटाच. "उद्यापासून माझी यादी तुझ्याकडे."

"मॅडम, अहो, मी..."

"तू काय? जमत नाही म्हणतोस? मग मी इतकी वर्षं शिकवलं कुणाला?"

बोलायला ठसक्यात बोलल्या. पण टेबलाखाली स्वतःचेच हात न्याहाळत होत्या. मॅडम साठीला टेकल्या होत्या. हात गेला का आपला? सर्जनला दुसरी कसली भीती नसते, ही एवढी एकच असते. डोळे गेले तर चष्मा लागतो, गुडघे गेले तर स्टूल मिळतं. हात गेला की संपलं. आणि तो गेलेला कळतो तो आधी दुसऱ्यांना, आपल्याला सगळ्यात शेवटी.

घरी बसायची मॅडमना सवय नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी घरातले सगळे पडदे उसवून पुन्हा शिवले. दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या शर्टांची बटणं तोडून नव्याने लावली. तो बिचारा शाळेत इतिहास शिकवायचा, त्याने मुकाट्याने बिनबटणाचे शर्ट पुढे केले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या घरात राहणारी नणंद आली, तर मॅडम खिडकीच्या उजेडात उशीच्या अभ्र्याला केसासारखे बारीक टाके घालत बसलेल्या.

"वहिनी," नणंद म्हणाली, "त्या अभ्र्याला काय कॅन्सर झालाय का?"

मॅडमना हसू आलं नाही. त्यांनी हात लांब करून नणंदेच्या नाकासमोर धरला. "नीट बघा. थरथरतोय का?"

नणंदेने हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. भाजी निवडताना बघतात तसा. "हात ठणठणीत आहे," ती म्हणाली. "थरथरतोय तो तुमचा जीव. आणि हे बघा, हात गेला असेल तर गेला असेल, आम्ही काही तुम्हाला घराबाहेर काढत नाही. पण उगाच अंदाजपंचे रडू नका. आधी नक्की काय ते बघा, मग रडा. तेव्हा मीही येईन सोबतीला."

असल्या नणंदा असतात म्हणून वहिन्या तग धरतात. मॅडमनी सुई ठेवली आणि त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवल्या.

हॉस्पिटलातही शोध चालूच होता. मॅडमची जुनी आणि नवी ऑपरेशनं मिसळून, कुठलं कोणाचं आणि कधीचं हे न सांगता, बाहेरच्या सर्जनना दाखवायची आणि गुण द्यायला लावायचं, अशी तिथली पद्धत. ऑपरेशनच्या फिल्म तशाही निघायच्याच. आवाज बंद ठेवायचा, कारण आवाजावरून माणूस ओळखू येतो. आणि बघणाऱ्यांचा वेळ वाया जाऊ नये म्हणून ज्या भागात काही हालचाल नाही तो भाग कापून टाकायचा. निःपक्षपातीपणात कुठे म्हणून बोट ठेवायला जागा नाही, असा सगळा चोख कारभार.

निकाल आला तो बघून डीनसाहेबांनी टाळीच वाजवली. बाहेरच्यांनी जुन्या आणि नव्या फिल्मना सारखेच गुण दिले होते. उलट पोस्टमनच्या ऑपरेशनला सगळ्यात जास्त, वर शेरा असा की हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखं आहे.

"झालं!" डीनसाहेब म्हणाले. "हात उत्तम आहे. म्हणजे योगायोग. मॅडम, उद्यापासून या तुम्ही."

बघा हं, दार सताड उघडं होतं. दुसरं कुणी असतं तर पेढे वाटून आत शिरलं असतं. मॅडमचाही जीव क्षणभर भांड्यात पडला. पण मग त्या हळूच म्हणाल्या, "साहेब, हात चांगला आहे हे ठीक. मग जोड का गळले?"

"अहो, म्हटलं ना, योगायोग."

"पोस्टमनला असं सांगू? की बाबा, तुझ्या पोटावर जी पिशवी आहे ना, तो योगायोग आहे?"

आकडेताईंनी मान वर केली. त्या कुणाची बाजू घेत नसत, पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं खरं. "कापलेल्या फिल्म बघितल्यात," त्या म्हणाल्या. "न कापलेल्याही आहेत माझ्याकडे. तासन् तास बसावं लागेल."

"मला दुसरं काम आहे कुठे सध्या?" मॅडम म्हणाल्या.

मॅडम आणि धाकटे डॉक्टर त्या छोट्या खोलीत बसले. खोलीत एक पडदा, दोन खुर्च्या आणि सतत गुरगुरणारा एसी. जुनी एक फिल्म लावली, पूर्ण. आवाज चालू करायचा विचार तसा कुणी केला नव्हता, न कापलेल्या फिल्मबरोबर तो आपसूकच आला. थिएटरमधली मशीनची टिकटिक, सिस्टरचं खाकरणं, मॅडमचं "ओढ, अजून ओढ, झोपलास काय?" हे ऐकून धाकट्या डॉक्टरांचे कान आत्तासुद्धा लाल झाले.

जोडायची वेळ आली. हे जोडकाम स्टेपलर नावाच्या यंत्राने होतं. आतड्याची दोन्ही टोकं त्याच्या जबड्यात घ्यायची, जबडा आवळायचा, आणि मग खटका दाबला की बारीक पिनांची एक गोल शिवण बसते. पडद्यावर मॅडमनी जबडा आवळला, आणि तेवढ्यात मागून एक जाडाभरडा आवाज आला, "तर काय झालं, माझ्या मेहुण्याने शिडी आणली."

"अरे, भूलकाका!" दोघं एकदम म्हणाले.

भूलकाका म्हणजे मॅडमच्या थिएटरमधले भूल देणारे डॉक्टर. कितीतरी वर्षं मॅडमच्या पेशंटना त्यांनीच झोपवलं, आणि पेशंट झोपला की बाकीच्यांना मेहुण्याचे किस्से ऐकवले. नुकतेच ते रिटायर झाले होते. पडद्यावर त्यांचा किस्सा रमतगमत चालला होता. मेहुण्याला पंखा पुसायचा होता. शिडी एवढी लांब की दारातून आत येईना. शेजारी म्हणाला, कापून टाक थोडी. मेहुणा विचार करत बसला, आणि शेवटी म्हणाला, वरून कापली तर पंख्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून खालून कापतो! थिएटरमध्ये हशा. सिस्टरचं खिदळणं थांबेना. मॅडमचा स्वतःचा आवाज आला, "पुरे हो काका, हसू आवरू द्या मला." मग शांत झालं, आणि खटका दाबल्याचा आवाज आला.

धाकटे डॉक्टर अजून हसत होते. मॅडम हसत नव्हत्या.

"पोस्टमनची लाव," त्या म्हणाल्या.

लावली. जबडा आवळला. खटका. मध्ये काहीच नाही. भूलकाकांच्या जागी आलेले डॉक्टर कामाला वाघ, पण एक शब्द बोलायचे नाहीत. सगळे त्यांना मौनीबाबा म्हणायचे. त्या शांत, शिस्तीच्या थिएटरमध्ये मॅडमचे हात झरझर चालले होते. आवळलं, दाबलं, झालं.

"मागे घे. पुन्हा लाव."

पुन्हा तेच. गळलेल्या बाकीच्या दोन्ही फिल्म लावल्या, तेच. मग जुन्या काढल्या. मेहुणा आणि चोरीला गेलेली सायकल. मेहुणा आणि सासऱ्याचा कुत्रा. मेहुणा पोहायला गेला तो दिवस. दर वेळी जबडा आवळला की किस्सा सुरू, हशा ओसरला की खटका.

"तू किती थांबतोस रे?" मॅडमनी विचारलं.

"आवळल्यावर? मी मनात साठपर्यंत मोजतो. तुम्हीच शिकवलंत ना? आतडं दाबलं जाऊ द्यायचं, सूज उतरू द्यायची, नाहीतर पिना नीट मिटत नाहीत. तुम्ही तर म्हणायचात, घाई करशील तर पळीने मारीन."

मॅडमनी कपाळाला हात लावला. त्यांना हे सगळं पाठ होतं! शिकवलं त्यांनीच होतं. सुरुवातीला त्याही मोजायच्या. मग काका आले, किस्से आले, आणि मोजणं कधी सुटलं ते कळलंच नाही. किस्सा संपेपर्यंत हात आपोआप थांबायचे. काका गेले, किस्से गेले, आणि त्यांच्याबरोबर थांबणंही गेलं. आणि फिल्म कापणाऱ्यांनी नेमका तोच भाग कापला होता, कारण त्यात कुणी काही करत नव्हतं!

"अहो, म्हणजे हात नाही गेला!" धाकटे डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "मॅडम, हात नाही गेला! मेहुणा गेला!"

आणि मग मात्र मॅडम हसल्या. पोट धरधरून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यातलं काही पाणी हसण्याचं नव्हतं, ते पोस्टमनसाठी होतं. त्याच संध्याकाळी त्या त्याच्या खाटेपाशी गेल्या आणि काय चुकलं ते त्याला सरळ सांगितलं. म्हाताऱ्याने पोटावरची पिशवी सारखी केली. मग म्हणाला, "राग आलाय मला. पण पुढच्या माणसाचं तरी नीट करा." मॅडमनी मान खाली घालून हो म्हटलं.

भूलकाकांना फोन केला तर तो त्यांच्या बायकोने उचलला. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "थांबा जरा. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस माझ्या सख्ख्या भावाची जगभर बदनामी करत होता, आणि त्याने पेशंट बरे होत होते?"

"तसंच काहीसं, काकू."

"मग बरं करण्याचं श्रेय माझ्या भावाचं. यांचं नाही. यांना सांगते आत्ता." मागून काकांची आरडाओरड ऐकू आली आणि फोन ठेवला गेला.

मीटिंगमध्ये फिल्म सगळ्यांना दाखवली, आवाजासकट. आकडेताई म्हणाल्या, "हे कारण पटण्यासारखं आहे. पण सिद्ध झालेलं नाही. सिद्ध होईल ते पुढच्या जोडांनी. आणि एक सांगते, विनोद मोजता येत नाही. भिंतीवर घड्याळ लावा आणि एकाने मोठ्याने मोजायचं." ते सगळ्यांना मान्य झालं. फिल्म यापुढे कापायच्या नाहीत, हेही ठरलं. मॅडमना पुन्हा सुरी हातात घ्यायची परवानगी मिळाली, पण पहिली ऑपरेशनं धाकट्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली. गुरूवर चेला पहारा ठेवणार! धाकटे डॉक्टर ओशाळले. मॅडम म्हणाल्या, "लाजतोस काय, चुकले तर ओरड."

पहिली पेशंट होती पोहायला शिकवणारी एक बाई. रुंद खांद्यांची, खणखणीत आवाजाची. मोठ्या आतड्याच्या खालच्या टोकाला गाठ. मॅडमनी तिला समोर बसवून काही न लपवता सगळं सांगितलं. तीन जोड गळले, मला थांबवलं होतं, कारण सापडलंय असं वाटतंय, पण खात्री नाही, आणि तुम्ही धाकट्या डॉक्टरांकडून ऑपरेशन करून घेतलंत तर मला जराही वाईट वाटणार नाही.

पोहणाऱ्या बाई ऐकत राहिल्या. "आमच्याकडे एक मास्तर होते," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताखाली कधीच कुणी गटांगळी खाल्ली नाही, असं सांगायचे. त्यांच्याकडे मी माझी पोरगी पाठवली नाही. तुम्हीच करा."

ऑपरेशनच्या दिवशी मॅडमना भीती वाटत होती, आणि ती त्यांनी कबूलही केली. गाठ निघाली. टोकं मोकळी झाली. स्टेपलरचा जबडा आवळला. धाकट्या डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोजायला सुरुवात केली. थिएटरमध्ये त्या मोजण्याशिवाय आवाज नव्हता. आणि एकदम डोक्याकडच्या बाजूने मौनीबाबांनी घसा साफ केला.

"त्याने शिडी खालून कापली," मौनीबाबा म्हणाले.

सगळे थिजले. धाकट्या डॉक्टरांचं मोजणं अडखळलं, पण थांबलं नाही.

"म्हणजे मेहुण्याने," मौनीबाबा गंभीरपणे म्हणाले. "आधी सांगायला हवं होतं. त्याला पंखा पुसायचा होता. मी भूलकाकांकडून शिकून आलो. तीनदा घोकलं. शेवट आधी आला वाटतं."

सिस्टरच्या हातून चिमटा निसटता निसटता राहिला. हसू कुणालाच आवरेना. फक्त मॅडमचे हात जागच्या जागी, दगडासारखे स्थिर. "साठ," धाकटे डॉक्टर म्हणाले. मॅडमनी खटका दाबला.

चार दिवस सगळं झकास गेलं. बाई उठून बसल्या, वॉर्डात चालल्या, सिस्टरना श्वास कसा सोडायचा ते शिकवू लागल्या. पाचव्या दिवशी सकाळी ताप आला.

ताप! गळलेल्या तिन्ही जोडांची सुरुवात अशीच झाली होती. वॉर्डातले डॉक्टर म्हणाले, थोडा वेळ वाट बघू, साधा असेल. वाट बघायचा मोह मॅडमनाही झालाच. न बघितलेलं संकट थोडा वेळ तरी नसल्यासारखं असतं ना! पण त्यांनी मान हलवली. "आत्ताच्या आत्ता स्कॅन. मी स्वतः येते." आणि त्या खाटेबरोबर चालत निघाल्या, पोहणाऱ्या बाईंचा हात हातात धरून.

"घाबरलात का हो?" बाईंनी विचारलं.

"हो," मॅडम म्हणाल्या. "खूप."

"बरं झालं सांगितलंत. मला वाटलं, मी एकटीच."

स्कॅनच्या काचेमागे एकेक करून सगळे जमले. धाकटे डॉक्टर आले, मौनीबाबा आले, आकडेताई तर कधी नव्हे त्या आपली खोली सोडून धावत आल्या. आतड्यात सोडलेलं औषध पडद्यावर पांढरं दिसतं. जोड गळत असेल तर ते शिवणीतून बाहेर झिरपतं. पांढरा प्रवाह खालून वर चढू लागला. जोडापाशी आला. पिनांची गोल शिवण मण्यांच्या माळेसारखी लखलखली. प्रवाह शिवणीच्या गोलातून आत शिरला, पुढे गेला, वर चढला. स्कॅनवाल्या डॉक्टरांनी चित्र मोठं केलं, या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"थेंबसुद्धा नाही," ते म्हणाले. "घट्ट आहे जोड. ताप त्या हाताच्या शिरेचा असणार, सलाइनची जागा सुजलीय बघा."

"धरला!" मॅडम ओरडल्या. साठीला टेकलेली बाई, पोरीसारखी ओरडली. "धरला रे, धरला!" त्यांनी धाकट्या डॉक्टरांच्या पाठीत असा रट्टा घातला की ते टेबलावर आदळले. मौनीबाबा तोंडाने चकार शब्द न काढता टाळ्या वाजवत होते. आकडेताई म्हणाल्या, "एका जोडाने काही सिद्ध होत नाही," आणि पदराने डोळे पुसले.

मॅडम काचेचं दार ढकलून आत गेल्या. पोहणाऱ्या बाई मशीनवर आडव्या, डोळे मिटून. मॅडमनी वाकून त्यांच्या कानात सांगितलं. बाईंनी डोळे उघडले नाहीत, फक्त भरभरून एक श्वास घेतला आणि लांबवर सोडला. मग म्हणाल्या, "पाण्यात कधी उतरू?"

"दम धरा की! आधी जेवा तर."

"तुम्हाला येतं का पोहता?"

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग या माझ्याकडे. मी शिकवते. भीती वाटते हे सांगणारी माणसं लवकर शिकतात."

मॅडमनी बाईंचा खांदा दाबला. तेवढ्यात दारातून सिस्टरने डोकं आत घातलं. "मॅडम, पुढचा पेशंट आलाय थिएटरमध्ये. डीनसाहेब विचारतायत, तुम्ही आज दमला असाल, तर दुसऱ्या कुणाला सांगू का?"

"दुसऱ्या कुणाला?" मॅडम सरळ उभ्या राहिल्या. गालांवरचं पाणी त्यांनी बाहीने पुसलं, आणि आवाज असा खणखणीत लागला की कॉरिडॉरच्या टोकाला बसलेल्या नातेवाइकांनीही माना वळवल्या. "साहेबांना म्हणावं, सुरी माझीच. मी हात धुवायला निघाले."